थरथर आणि मानमोडी

"डॉक्टर, मानमोडी लागली बगा." विट्याजवळच्या एका शेडवरून सकाळी सातला फोन. पिल्लं किती दिवसांची? "आज नववा दिवस." लासोटा, म्हणजे मानमोडीची लस? "सातव्या दिवशी डोळ्यात घातला की. पण चार-पाच पिल्लं त्याच्या आधीच बसली हुती."

ती शेवटची गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली, पण खरी ग्यानबाची मेख तिथेच होती.

शेडमध्ये गेलो. ब्रूडरखाली तुसावर एक पिल्लू पाय आखडून बसलेलं, उठायला गेलं की एका अंगावर कलंडायचं. नाक-डोळे स्वच्छ, घरघर नाही, विष्ठा बाकीच्यांसारखीच. उचलून मुठीत उताणं धरलं तेव्हा मान आणि डोकं बारीक थरथरायला लागलं. सायलेंटवरचा मोबाईल खिशात वाजावा तसं. लांबून बघणाऱ्याला ही थरथर कित्येकदा दिसतच नाही, हाताला मात्र लगेच कळते.

या रोगाला एव्हियन एन्सेफॅलोमायलायटिस म्हणतात. आपण थरथर म्हणू. 1932 साली जोन्स यांनी अमेरिकेतल्या कोंबड्यांत त्याचं वर्णन केलं. पोलिओच्याच मोठ्या कुळातला हा विषाणू मुळात आतड्यातला. विष्ठेतून बाहेर पडतो, दाणा-पाण्यातून पोटात जातो, आतड्यात वाढतो, मग रक्तात उतरून मेंदू आणि मज्जारज्जू गाठतो. मोठ्या कोंबडीची प्रतिकारशक्ती त्याला वाटेतच अडवते. तिचं अंड्याचं उत्पादन दोनेक आठवडे 5 ते 10 टक्के घटतं आणि पूर्ववत होतं, मालकाला पत्ताही लागत नाही. पण प्रजननाच्या कळपात हे घडलं, तर त्या दिवसांतल्या अंड्यांतून विषाणू पिल्लात उतरतो आणि पहिल्याच आठवड्यात पिल्लं बसायला लागतात. शेजारच्या पिल्लांना विष्ठेतून लागण झाली तर लक्षणं दिसायला अकरा दिवस तरी जातात, म्हणून बऱ्याचदा दुसरी लाट येते.

मानमोडी म्हणजे राणीखेत. 1926 मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला हा रोग नोंदला गेला, आपल्याकडे पुढच्या वर्षी राणीखेतला. याला वयाचं बंधन नाही. पक्षी चोच उघडून धापा टाकतात, हिरवट पातळ हगवण लागते, अंडी मऊ कवचाची पडतात. त्यातून वाचलेल्यांची मान पिळवटते, काही आभाळाकडे बघत गोल फिरतात. लस नसेल तर अख्खी शेड रिकामी होऊ शकते. राणीखेतही विष्ठेतून पसरतो, म्हणूनच गोंधळ होतो. पण तो श्वासातूनही शिरतो आणि मज्जासंस्थेबरोबर फुप्फुसं, आतडी सगळं धरतो.

मेलेलं पिल्लू उघडून बघितलं की बराच उलगडा होतो. राणीखेतमध्ये ग्रंथीजठराच्या, म्हणजे पाचकरस सोडणाऱ्या पहिल्या पोटाच्या, आतल्या बाजूला पुष्कळदा रक्ताचे ठिपके दिसतात. थरथरीत नुसत्या डोळ्यांना जवळजवळ काहीच सापडत नाही, फार तर दाणा दळणाऱ्या पोटाच्या स्नायूत पांढुरके डाग. पक्कं निदान प्रयोगशाळेतच. मी दोन आजारी पिल्लं जिवंतच खोक्यात घालून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवली.

शेड धुण्यातही फरक पडतो. राणीखेतच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, साबण-सोड्यानं ते फुटतं. थरथरीच्या विषाणूला ते नसतं, त्यामुळे तो तुसात आठवडेच्या आठवडे टिकतो. तुसाची गादी बदलल्याशिवाय नुसतं जंतुनाशक फवारून भागत नाही.

"मग लासोटाचा अजून एक डोस मारू का?" नको म्हटलं, त्याचा या रोगाशी संबंध नाही. थरथरीची लस प्रजननाच्या कोंबड्यांना द्यायची असते, साधारण आठव्या आठवड्यानंतर आणि अंड्यावर येण्याच्या किमान महिनाभर आधी. त्यामुळे प्रश्न शेडवाल्याला नाही, पिल्लं पाठवणाऱ्याला विचारायचा. करारावर कोंबड्या पाळणाऱ्याला तो विचारायचा धीर होत नाही, ही वेगळीच अडचण.

औषध नाहीच. उठू न शकणारी पिल्लं त्यांनी वेगळ्या कोपऱ्यात घेतली, पाण्याचं भांडं चोचीजवळ सरकवलं आणि मला म्हणाले, "अंडं ज्या कोंबडीचं, तिच्या लशीचा कागुद मागतो आज."