कंटेनर दिसत नाही, पण नेमका कुणाला? ब्रिज आणि मॅकव्हीलॅन

देवगडजवळ जामसंड्यात माझ्या काकांची हापूसची कलमं आहेत. पेट्यांचा हिशेब ठेवायला मी त्यांच्या पडवीत एक जुना डेस्कटॉप बसवला. त्यावर लिनक्स टाकलं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर एका कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात, ठेवलं. हे कप्पे इन्कस नावाचं सॉफ्टवेअर सांभाळतं. डेस्कटॉपवर पान छान उघडायचं, पण चुलतभावाच्या मोबाइलवर येईना, वायफाय घरचंच असूनही. मग पुण्यात बसून मी कंटेनरचं नेटवर्क बदललं आणि ब्रिजच्या जागी मॅकव्हीलॅन केलं. कंटेनरला नेटवर्कशी जोडायच्या या दोन पद्धती. मोबाइलवर पान आलं. दहा मिनिटांत काकांचा फोन (डेस्कटॉपला ते डबा म्हणतात): "मोबाइलार दिसता मां, मगे ह्या डब्यारच कित्याक दिसणा नाय?"

दोन्ही वेळा तक्रार एकच होती, कंटेनर दिसत नाही. रोग मात्र एकमेकांच्या उलट होते, आणि एकाचं औषध दुसऱ्याला देण्यात लोकांच्या रात्रीच्या रात्री जातात. माझ्याही गेल्या आहेत.

ब्रिज या नावाने आधी फसगत होते. इन्कस, किंवा त्याच्यासारखीच एलएक्सडी आणि एलएक्ससी ही सॉफ्टवेअरं, न सांगता जो ब्रिज बनवून देतात, तो हमरस्त्यावरचा पूल नव्हे. आपल्याच परड्यातल्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, टाकलेला तो छोटा साकव. यजमान मशीनच्या, म्हणजे ज्यावर कंटेनर चालतात त्या मशीनच्या, पोटात एक आभासी स्विच तयार होतो, प्रत्येक कंटेनरची आभासी वायर त्याला जोडलेली असते आणि यजमानाचाही एक पत्ता त्यावर असतो. एलएक्ससीच्या ठरलेल्या मांडणीत हा पत्ता १०.०.३.१, आणि कंटेनर १०.०.३ च्या पट्ट्यात. इन्कस आणि एलएक्सडी १० ने सुरू होणारा एखादा मोकळा पट्टा निवडतात. डॉकर या आणखी एका कंटेनरच्या सॉफ्टवेअरचा नेहमीचा पट्टा १७२.१७ चा. पत्ते वाटायचं काम यजमानावरचा डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्रॅम करतो, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर, म्हणजे माहितीच्या पुडक्यावर, यजमान स्वतःचा पत्ता चिकटवतो. त्यामुळे घरच्या राउटरला या कंटेनरांचा पत्ताच नसतो. मोबाइलने १०.०.३.२५ मागितलं, तर राउटर म्हणणार, हे घर आमच्या वाडीत नाही. यजमानाला मात्र कंटेनर अगदी हाताशी.

मॅकव्हीलॅनमध्ये साकवच नाही. डेस्कटॉपच्या खऱ्या नेटवर्क कार्डावरच कंटेनरचा आणखी एक मॅक पत्ता, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारा क्रमांक, बसतो. कंटेनर थेट राउटरकडे पत्ता मागतो आणि त्याला १९२.१६८.१.४० असा घरातल्या कुठल्याही मोबाइलसारखा पत्ता मिळतो. म्हणजे प्रत्येक घराचं बेडं (फाटक) पाखाडीवर, वाडीतल्या वाटेवर, स्वतंत्र उघडतं. वाडीतल्या सगळ्यांना ते दिसतं, पण दोन घरांमधल्या गडग्यात (दगडी कुंपणात) आतून वाट ठेवलेली नसते. यजमानाने कंटेनरकडे पाठवलेली फ्रेम (वायरवरून जाताना पुडक्याचं रूप) कार्डातून सरळ वायरवर जाते, आणि ज्या वाटेने फ्रेम आली त्याच वाटेने स्विच ती परत पाठवत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये हे मुद्दाम असंच ठेवलेलं आहे. म्हणून काकांच्या डब्यावर पान नाही आणि मोबाइलवर आहे. यात बिघडलेलं काहीच नव्हतं.

तेव्हा पहिला प्रश्न "चालतंय का" हा नाही, "कोणाकडून कोणाकडे जात नाही" हा आहे. यजमानाला दिसतं आणि शेजाऱ्याला नाही, तर ब्रिज. शेजाऱ्याला दिसतं आणि यजमानाला नाही, तर मॅकव्हीलॅन. या दोन्ही तक्रारींवर फायरवॉल उपटून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने काही होत नाही.

खरा बिघाड असतो तेव्हा तो ब्रिजवर जास्त छळतो, कारण तिथे मधले हात जास्त. सगळ्यात फसवा प्रकार त्याच मशीनवर डॉकरही असतो तेव्हाचा. कंटेनरला पत्ता मिळतो, गेटवेला पिंग जातं, नावाचा आयपी पत्ताही सापडतो, पण बाहेर ८.८.८.८ ला पिंग केलं की शुकशुकाट. माणूस डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सोयीच्या, मागे लागतो, आणि डीएनएस तर ठीक आहे! पत्ता वाटणं आणि नाव शोधणं ही कामं यजमान स्वतःच करतो, त्यासाठी पॅकेट यजमानाच्या पलीकडे जावं लागत नाही. पलीकडे जाणारी पॅकेट फायरवॉलच्या नियमांच्या फॉरवर्ड या साखळीतून जातात, आणि डॉकर सुरू होताना त्या साखळीचं धोरण ड्रॉप, म्हणजे पॅकेट टाकून द्या, असं करून ठेवतो. उपाय म्हणजे डॉकर-यूजर या साखळीत आपल्या ब्रिजवरून येणाऱ्या पॅकेटना, आणि त्यांच्या परतीच्या उत्तरांना, वाट देणारे दोन नियम टाकायचे. ते कायमचे साठवायला विसरू नका. पावसात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. मशीन पुन्हा उठलं की हाताने टाकलेले नियम गेलेले असतात, आणि काल चालणारं आज का बंद हे कोणालाच कळत नाही. कंटेनरला मुळात पत्ताच मिळत नसेल, तर यूएफडब्ल्यूसारखी फायरवॉल ब्रिजवरची डीएचसीपीची, म्हणजे पत्ता मागण्याची, मागणी अडवते आहे का ते बघा.

जागा पकडायची असेल तर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम, दोन ठिकाणी लावावा, एकदा ब्रिजवर आणि एकदा बाहेरच्या कार्डावर. ब्रिजवर पॅकेट दिसलं आणि बाहेर नाही, तर फॉरवर्डिंग किंवा फायरवॉल. बाहेर दिसलं पण पाठवणाऱ्याचा पत्ता अजून १० चाच आहे, तर पत्ता बदलण्याचा नियम गायब आहे.

मॅकव्हीलॅनचा सापळा एकच, पण मोठा: वायफाय. एप्रिलमध्ये पेट्या भरायला सुरुवात झाली तेव्हा काकांनी डबा उचलून मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, नेला. तिथे वायर नाही, म्हणून यूएसबीचं वायफाय कार्ड लावलं. मी कंटेनर त्या कार्डावर वळवला आणि त्याला पत्ताच मिळेना. टीसीपीडम्पमध्ये डीएचसीपीची मागणी जाताना दिसत होती, उत्तर येत नव्हतं. कारण साधं आहे. वायफायचा राउटर ज्या मॅक पत्त्याने ओळख पटवून आत घेतलं त्याच पत्त्याची फ्रेम मानतो. त्याच कार्डावरून दुसऱ्या मॅकची फ्रेम आली की ती टाकून देतो. वायफायचं कार्ड खऱ्या ब्रिजमध्ये (त्याबद्दल पुढे) घालायचा प्रयत्नही याच कारणाने फसतो. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवरही बहुतेक अनोळखी मॅक चालत नाही. आयपीव्हीलॅन हा मॅकव्हीलॅनचा भाऊ सगळ्या कंटेनरांना यजमानाचाच मॅक देतो, म्हणून तो वायफायवर चालू शकतो, पण पत्ते हाताने द्यावे लागतात आणि यजमानाशी अबोला तसाच राहतो.

मांगरात मी परत ब्रिजवर आलो आणि इन्कसचं प्रॉक्सी उपकरण जोडलं. डेस्कटॉपच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर येणारी मागणी कंटेनरच्या ८० वर जाते. मोबाइलवर डेस्कटॉपचाच पत्ता टाकायचा. हंगामभर तेवढंच पुरलं. खरं तर घरगुती कामाला बहुतेकांना तेवढंच पुरतं, आणि मॅकव्हीलॅनच्या वाटेला जायची गरज नसते.

तिसरी वाट खऱ्या ब्रिजची. वायरचं कार्डच ब्रिजमध्ये घालायचं आणि यजमानाचा पत्ता कार्डावरून काढून ब्रिजवर ठेवायचा, मग सगळ्यांना सगळं दिसतं. पण हे दुरून करायचं काम नाही. मी पुण्याहून एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देऊन, केलं, पत्ता ब्रिजवर ठेवायचा राहिला, आणि डबा जो तुटला तो चुलतभावाने कीबोर्ड लावेपर्यंत. उबुंटूवर असाल तर नेटप्लॅन या नेटवर्क मांडणाऱ्या साधनाचा ट्राय हा पर्याय वापरा. १२० सेकंदांत होकार दिला नाही, तर तो जुनी मांडणी परत आणतो.

पावसाआधी डबा पडवीत परत आला, वायरवर. आता कंटेनरला दोन कार्डं आहेत. एक मॅकव्हीलॅन, मोबाइलसाठी, आणि एक ब्रिजवरचं, डेस्कटॉपसाठी. दुसऱ्याला गेटवे मुद्दाम दिलेला नाही, नाहीतर बाहेर जायला कंटेनरकडे दोन वाटा होतात आणि उत्तरं भलतीकडून जातात. दोन्ही पत्ते काकांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी लावले आहेत. एकावर लिहिलंय "मोबाइल", दुसऱ्यावर "डबो".