पाळी गेल्यानंतरची कंबर : २३, २५ आणि ८० हे आकडे आले कुठून?

एकाच वयाच्या बायकांमध्ये पाळी गेलेल्यांना हृदयरोग जास्त होतो, हे अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीने १९७६ मध्ये मांडलं. धोका मोजायचे निकष मात्र मुख्यतः गोऱ्या लोकांच्या शरीरावरून ठरले.

ते आपल्याला का बसत नाहीत, याचा एक मोठा पुरावा पुण्याजवळच्या सहा गावांतून आला. १९९३ पासून तिथल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. म्हणजे वरून बारीक, आतून चरबीदार, तेही जन्मापासून.

२००४ चा निर्णय तेव्हापासून वादात आहे. जागतिक तज्ज्ञांनी बीएमआयची (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २५ ही जास्त वजनाची सीमा तशीच ठेवली आणि आशियाई लोकांसाठी २३ हा फक्त सावध होण्याचा टप्पा म्हणून जोडला. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरला. १५० सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी २३ म्हणजे सुमारे ५१.८ किलो, २५ म्हणजे ५६.३. तिचं वजन ५४ असेल तर एका तक्त्यात ती नॉर्मल, दुसऱ्यात जाड. सीमा खाली आणली की निरोगी बायकांवरही शिक्का बसतो, हा आक्षेप तरुणींबाबत समजू शकतो. पाळी गेलेल्या बाईबाबत तो पटत नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटलं की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, वयाबरोबर स्नायू झडतात, आणि वजनकाटा बऱ्याचदा जागचा हलत नाही.

म्हणून कंबर मोजायची. भारतीय बायकांसाठी सीमा ८० सेंटीमीटर. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, टेप आडवी सरळ, श्वास सहज सोडल्यावर. शिबिरांमध्ये घाईत साडीवरूनच, परकराच्या नाडीजवळ टेप लावतात, तिथे आकडा चुकतो. बेंबीवरून मोजणंही फसवं, कारण पोट सुटलं की बेंबी खाली उतरते. टेप त्वचेलाच लागायला हवी. परकर खाली सरकवायला आडोसा नसेल तर मोजूच नये. ८० भरली की त्याच भेटीत रक्तदाब घ्यावा आणि उपाशीपोटीची साखर व लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) लिहून द्यावं, वजन कितीही असो.