मुतखडा : उपचार आणि प्रतिबंध

लघवीतल्या क्षारांचे स्फटिक मूत्रपिंडात साचून झालेला खडा. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे (ऑक्झलेट म्हणजे पालक-अळूसारख्या भाज्यांत असणारा घटक). युरिक ॲसिडचे, जंतुसंसर्गातून होणारे आणि सिस्टिन या अमिनो आम्लाचे त्यामानाने कमी. मुंबईच्या दमट उकाड्यात पाणी घामावाटे जाते, शिवाय लोकलच्या प्रवासात लघवीची सोय नाही म्हणून अनेकजण, विशेषतः बायका, पाणीच कमी पितात. दाट लघवीत खडा लवकर धरतो. नळाच्या पाण्याला मात्र उगाच बोल लावला जातो; तानसा-भातसा धरणांचे पाणी मुळात मृदू, म्हणजे कमी क्षारांचे असते.

एकदा खडा झालेल्याने दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. किती प्यालो यापेक्षा किती झाली ते महत्त्वाचे. सुटीच्या दिवशी चोवीस तासांची लघवी मापाच्या भांड्यात धरून पाहावी. इटलीत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाणी वाढवलेल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, इतरांपैकी २७ टक्क्यांना.

दूध-दही बंद करणे ही सर्वांत चिवट चूक. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून शौचावाटे बाहेर नेते. ते कमी केले की ऑक्झलेट मोकळे होऊन लघवीत उतरते. २००२ च्या चाचणीत नेहमीइतके कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी घेणाऱ्यांना कमी-कॅल्शियमवाल्यांच्या जवळपास निम्म्यानेच खडे झाले. म्हणून पालक किंवा अळूवडी खायचीच तर त्याच जेवणात दही घ्यावे. मिठाने लघवीतले कॅल्शियम वाढते, तेव्हा हात आखडायचा तो पापड, लोणचे आणि सुक्या बोंबलावर. टोमॅटोच्या बिया निर्दोष आहेत.

कळ आली की डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक आधी. गरोदरपणात किंवा मूत्रपिंड कमजोर असल्यास ते टाळतात. कळेत घटाघटा पाणी किंवा बिअर प्यायल्याने खडा ढकलला जात नाही. ५ मिमीपर्यंतचे बरेच खडे आपणहून पडतात. मूत्रनळी सैल करणाऱ्या टॅमसुलोसिन या औषधाचा अशा लहान खड्यांना फारसा उपयोग दिसत नाही. मूत्रनळीच्या खालच्या टोकाच्या ५ ते १० मिमी खड्यांना थोडा होतो. लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळावी आणि पडलेला खडा तपासायला द्यावा, कारण पुढचे पथ्य त्यावर ठरते. युरिक ॲसिडचा खडा लघवीची आम्लता कमी करणाऱ्या पोटॅशियम सायट्रेट या औषधाने विरघळतो. कॅल्शियमचा कुळथाच्या कढणाने नाही आणि पानफुटीनेही नाही.

खड्यासोबत थंडी-ताप असेल तर थांबू नये: अडलेल्या मूत्रपिंडात पू होऊन जिवावर बेतते. तेव्हा खडा फोडत नाहीत, आधी डीजे स्टेंट (मूत्रनळीत ठेवायची बारीक पोकळ नळी) टाकून लघवीला वाट देतात. हा स्टेंट काढायची तारीख घरात लिहून ठेवावी. विसरला की त्यावरच खडे चढतात आणि तो ओढून निघत नाही.