रेडी रेकनर आणि बाजारभाव: घर घेताना कुठला आकडा कशासाठी?

फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक 2 (नोंदवलेल्या कराराचा सरकारी गोषवारा), उघडला की वरच दोन रकाने दिसतात: ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’. मोबदला म्हणजे करारात लिहिलेली किंमत. ‘बाजारभाव’ मात्र बाजारातला नसतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक दर तक्त्यावरून, म्हणजेच रेडी रेकनरवरून, काढलेला तो सरकारी आकडा. ‘रेकनरच्या जेमतेम वर मिळतोय साहेब, घेऊन टाका’ असं एजंट म्हणतो, तेव्हा हाच गोंधळ त्याच्या पथ्यावर पडतो.

रेकनरचं काम मुद्रांक शुल्क ठरवणं. मोबदला आणि रेकनर यांत जो आकडा मोठा, त्यावर शुल्क. रेकनरहून कमी किमतीत विकायला कायद्याची मनाई नाही, पण ते महागात पडतं. पुण्यात एखादा फ्लॅट 70 लाखांना ठरला आणि रेकनरप्रमाणे तो 80 लाखांचा निघाला, तर 7 टक्के दराने शुल्क 4.90 लाखांऐवजी 5.60 लाख. शिवाय फरक 10 टक्क्यांच्या वर गेल्यामुळे प्राप्तिकर खातं विकणाऱ्याला 80 लाख मिळाले असं धरतं आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात 10 लाख मिळवतं. तोच सौदा 73 लाखांना झाला असता, तर ही प्राप्तिकराची भानगड टळली असती. म्हणजे मंदीत भाव पडायला हवेत, तिथे रेकनर खालून टेकू लावतो.

रेकनर मजला आणि इमारतीचं वय बघतो. दारात रोज टँकर लागतो का, सोसायटीत कज्जे किती, हे तक्त्यात कुठून येणार?

खरी मेख दर ठरतात त्यात आहे. आधी नोंदलेले व्यवहार हा त्यांचा मोठा आधार. पण खऱ्या किमतीतला काही भाग रोखीत द्यायचा असेल, तर करारात रेकनरच्या आसपासचाच आकडा लिहिला जातो. तक्त्याकडे बघून करार आणि करारांकडे बघून तक्ता, असं हे चक्र. मुंबईत तर जादा एफएसआयचा (भूखंडावर किती बांधता येईल, त्या प्रमाणाचा) प्रीमियम, म्हणजे त्यासाठी बिल्डरने भरायची रक्कमही, रेकनरच्या जमीनदराशी बांधलेला. दर वाढला की बिल्डरचा खर्च वाढतो आणि तो शेवटी गिऱ्हाइकाच्या माथी बसतो. कर मोजायची पट्टीच खर्च वाढवू लागली, यासारखा उफराटा कारभार नाही.

खऱ्या बाजारातला भाव तरी कुठे निर्मळ? सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात राज्याने मुद्रांक शुल्कात 3 टक्के-बिंदूंची कपात केली. मुंबईत ते 5 वरून 2 टक्क्यांवर आलं. डिसेंबरअखेर शुल्क भरून नोंदणी पुढच्या चार महिन्यांत करायचीही मुभा होती. त्या डिसेंबरात मुंबईत 19 हजारांहून अधिक नोंदण्या झाल्या. त्यातली बरीच मागणी पुढच्या महिन्यांतून उचललेली होती. त्या आकड्यांवरून ‘मार्केट उठलं’ म्हणणाऱ्यांनी हे सोयीस्करपणे गाळलं.

तेव्हा शुल्क आणि कर मोजायला रेकनर, बोली लावायला मोबदला. नोंदणी विभागाच्या ई-सर्च या ऑनलाइन सेवेवर त्याच इमारतीतले गेल्या वर्षातले इंडेक्स टू काढा आणि कार्पेट (घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या) क्षेत्रफळावर चौरस फुटाचा दर काढून बघा. जाहिरातीतला भाव ही फक्त विकणाऱ्याची मागणी. गुंतवणूक म्हणून घेत असाल, तर वर्षाचं भाडं किमतीच्या किती टक्के पडतं तेही मांडा. 3 टक्क्यांच्या आसपास असेल आणि कर्ज साडेआठ टक्क्यांचं, तर तुमची सगळी भिस्त भाव वाढण्यावरच आहे.

मोबदलाही डोळे झाकून घेऊ नका. सगळे सौदे रेकनरला चिकटलेले दिसले, तर काही रक्कम कागदाबाहेर गेली असण्याची शंका धरा. उलट नव्या प्रकल्पात मोबदला फुगलेला असू शकतो: ‘ताबा मिळेपर्यंत ईएमआय आम्ही भरू’, ‘मुद्रांक शुल्क आमच्याकडून’ या सवलतींची किंमत त्यातच धरलेली असते. ती वजा करून मागा, मग बिल्डर कुठपर्यंत खाली येतो ते कळतं.