रशियातलं मोठं काय, किरकोळ काय: विकिपीडियावरच्या एका प्रतवारीची पार्श्वभूमी

इंग्रजी विकिपीडियावर रशियाविषयक लेखाचं चर्चा पान, म्हणजे संपादकांनी त्या लेखाविषयी बोलायचं पान, उघडलं की वरच्या साच्यात (माहितीच्या ठरावीक चौकटीत) दोन शेरे दिसतात. एक दर्जाचा, दुसरा महत्त्वाचा. दर्जावरून होणारी तक्रार सहसा लवकर मिटते. संदर्भ किती आहेत ते मोजता येतं, त्रोटक लेख पाहताक्षणी त्रोटक दिसतो. महत्त्वाच्या शेऱ्याला असा आधार नाही. बैकाल सरोवर, बोल्शॉय थिएटर, गाझप्रोम आणि सायबेरियात शिरलेला कोसॅक येरमाक यांना एका मापाने मोजायचं कसं? हा शेरा मुळात ज्या कामासाठी आला ते काम आता जवळपास विस्मरणात गेलं आहे. शेरा मात्र टिकला आणि त्याच्यावरून होणारी भांडणंही टिकली.

ते मूळ काम सीडीचं होतं. २००४च्या सुमारास काही संपादकांनी ठरवलं की विकिपीडियाची निवडक, तपासलेली आवृत्ती काढायची आणि जिथे इंटरनेट पोचलेलं नाही तिथे ती द्यायची. सीडीवर सगळं मावणार नव्हतं, म्हणजे काय घ्यायचं आणि काय गाळायचं याचा निर्णय आला. रसायनशास्त्राच्या संपादकांनी संयुगांच्या लेखांची दर्जानुसार यादी आधीच करून ठेवली होती. तीच पद्धत उचलून सर्व विषयप्रकल्पांना, म्हणजे एकेका विषयाचे लेख सांभाळणाऱ्या संपादकांच्या गटांना, देण्यात आली आणि तिला महत्त्वाची दुसरी मोजपट्टी जोडली गेली. पायऱ्या चार: टॉप, हाय, मिड, लो. २००६पासून एक सांगकाम्या (आपोआप काम करणारा प्रोग्राम) चर्चा पानांवरचे हे शेरे गोळा करून प्रत्येक प्रकल्पाचा तक्ता बनवू लागला. उभे दर्जे, आडवं महत्त्व, प्रत्येक चौकटीत लेखांची संख्या. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवत असेल, त्या तक्त्याचं वेडच लागलं होतं. ‘टॉप’ आणि ‘त्रोटक’ या दोन्ही खाली येणारा लेख म्हणजे प्रकल्पाची नामुष्की, असं मानलं जाई आणि माणसं रात्री बसून तो लेख वाढवत. प्रतवारीने काही भलं केलं असेल तर ते हेच.

२००७मध्ये निघालेल्या पहिल्या सीडीत सुमारे दोन हजार लेख होते. ते माणसांनी निवडले होते. पुढच्या आवृत्तीसाठी सुमारे तीस हजार लेख हवे होते आणि एवढे हाताने निवडणं अशक्य होतं. मग सूत्र आलं. प्रकल्पाने दिलेलं महत्त्व, लेखाकडे येणारे अंतर्गत दुवे, इतर भाषांतल्या लेखांची संख्या आणि वाचकसंख्या यांची गोळाबेरीज करून गुण काढायचे. इथे पहिली ठिणगी पडली. प्रकल्पाने ‘टॉप’ म्हटलेला विषय वाचकसंख्येत मागे पडू शकत होता आणि प्रकल्पाने ‘मिड’ ठरवलेला विषय वाचकांच्या जोरावर वर येऊ शकत होता. रशियाच्या बाबतीत हे ढळढळीत दिसतं. शेवटच्या झारच्या दरबारातला साधू रास्पुतिन याचं नाव जगात सगळीकडे माहीत आहे. १९०६ ते १९११ या काळात पंतप्रधान असलेला, शेतजमिनीच्या मालकीची व्यवस्था बदलायला निघालेला आणि कीवच्या नाट्यगृहात गोळी खाल्लेला स्तलीपिन रशियन इतिहासाच्या अभ्यासकाला रास्पुतिनपेक्षा कितीतरी मोलाचा वाटेल. दुवे आणि वाचक मोजणाऱ्या सूत्राला हे समजावून सांगायची सोय नव्हती.

बऱ्याच प्रकल्पांच्या नियमावलीतला एक निकषही अडचणीचा होता. ‘टॉप’ म्हणजे आपल्या क्षेत्राबाहेर, देशाबाहेर ठाऊक असलेला विषय, असा त्याचा आशय. वाचायला सरळ वाटतो. पण त्याने पुश्किनवर अन्याय होतो. रशियात पुश्किनच्या वर कुणाला बसवत नाहीत. बाहेर मात्र दस्तयेव्हस्की आणि टॉलस्टॉय त्याच्यापेक्षा जास्त वाचले जातात, कारण कविता अनुवादात पाझरून जाते आणि कादंबरी तग धरते. लमनोसोव्हचंही तेच. मॉस्कोच्या विद्यापीठाला त्याचं नाव आहे, रशियन विज्ञान आणि भाषा दोन्हींच्या इतिहासात तो पहिल्या पानावर आहे, आणि रशियाबाहेरच्या सामान्य वाचकाला त्याचं नाव उच्चारताही येत नाही. म्हणजे इंग्रजी वाचकाचं कुतूहल हाच रशियाच्या महत्त्वाचा मानदंड झाला.

ज्ञानकोशात कोणाला किती जागा द्यायची हा प्रश्न रशियात जुनाच. १८९० ते १९०७ दरम्यान निघालेल्या ब्रॉकहाउस-येफ्रोन कोशाचे ८६ अर्धखंड आहेत. त्याचा स्वामित्वहक्क संपलेला असल्याने रशियन विकिपीडियाने त्यातला मजकूर भरपूर वापरला. सोव्हिएत काळातल्या महाकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या ग्राहकांना १९५०च्या दशकात स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख राहिलेल्या आणि नंतर पदच्युत झालेल्या बेरियावरचं पान कापून काढण्याची सूचना आली आणि त्या जागी चिकटवायला बेरिंग समुद्राची माहिती वाढवून पाठवली गेली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. तिथे महत्त्व वरून ठरायचं आणि ब्लेडने अमलात यायचं. इथे ते चर्चा पानावर ठरतं. एवढ्यावर तो विषय सोडू.

खरा गुंता झाला तो सोव्हिएत संघाचा. सोव्हिएत विषय रशियाच्या प्रकल्पात घ्यायचे का, आणि घेतले तर कोणत्या पायरीवर? वरवर हा कारकुनी प्रश्न आहे. प्रत्यक्षात गेल्या दोन दशकांतल्या कडवट वादांपैकी बरेचसे याच फटीतून आले.

घेण्याच्या बाजूचा युक्तिवाद साधा आहे. १९९१च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतली सोव्हिएत जागा रशियाकडे गेली. सोव्हिएत परदेशी कर्जही रशियानेच अंगावर घेतलं, आणि त्याचा शेवटचा हप्ता २०१७मध्ये फिटला. जो देणी फेडतो त्याचाच वारसा. राजधानी मॉस्को होती, कारभाराची भाषा रशियन होती, अभिलेखागारं मॉस्कोत आहेत. ही बाजू ऐकताना पटते.

अडचण यादी करायला घेतली की येते. गागारिन स्मोलेन्स्क भागातल्या क्लुशिनो गावचा, तो निर्विवाद. त्याला अवकाशात पाठवणारं यान ज्याच्या नेतृत्वाखाली तयार झालं तो करल्योव्ह जन्मला युक्रेनमधल्या झितोमीरला. उड्डाण झालं बैकानूरहून, जे आज कझाकस्तानात आहे आणि रशियाने भाड्याने घेतलं आहे. एका घटनेचे तीन दावेदार. स्टालिन जॉर्जियातल्या गोरीचा. ब्रेझनेव्ह युक्रेनमधल्या कामेन्स्कोयेचा. ख्रुश्चेव्ह उलट: जन्म रशियातल्या कुर्स्क भागातला, राजकीय कारकीर्द घडली युक्रेनमध्ये. चित्रपट दिग्दर्शक आइझेनश्टाइनचा जन्म लाटवियातल्या रीगाचा, बुद्धिबळपटू ताल तर रीगाचाच रहिवासी. चेर्नोबिलचा विचार केला तर प्रकल्प सोव्हिएत, जमीन युक्रेनची, धूळ सगळ्यात जास्त बसली बेलारूसवर. त्याला रशियासाठी ‘टॉप’ म्हणणं हे कर्तृत्वाचं श्रेय आहे की अपश्रेय?

तांत्रिक उत्तर सोपं होतं आणि ते देण्यातही आलं. एका चर्चा पानावर कितीही प्रकल्पांचे साचे लागू शकतात आणि प्रत्येक प्रकल्प आपापलं महत्त्व देतो. एकाच लेखाला जॉर्जियासाठी एक पायरी, रशियासाठी दुसरी. सोव्हिएत संघाचा वेगळा प्रकल्पही आहेच. कागदावर इथे वाद संपायला हवा होता. पण साचा लावणाऱ्याच्या मनात ‘हा लेख आमच्या कामाचा’ असं असतं आणि पलीकडचा माणूस वाचतो ‘हा माणूस आमचा’. नियम कितीही सांगोत की साचा म्हणजे संपादकांची कामाची खूण, तो लागतो लेखाच्या माथ्यावर, झेंड्यासकट. रशियाच्या तिरंग्याचं चित्र एखाद्या युक्रेनियन चित्रकाराच्या पानावर दिसलं की तिथे कामाची खूण कोण वाचणार! माझ्या मते सोव्हिएत विषय सरसकट रशियाच्या खात्यात टाकण्याची सवय आळसातून आली. वेगळा साचा उपलब्ध असताना तो शोधायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, आणि पुढे त्याच आळसाला लोकांनी धोरण म्हटलं.

हा आळस आपल्याला परका नाही. मराठी वर्तमानपत्रांत कित्येक दशकं सोव्हिएत संघ म्हणजे ‘रशिया’च होता. लालबहादूर शास्त्रींचं निधन रशियात झालं असं आजही सर्रास बोललं जातं. ताश्कंद उझबेकिस्तानात आहे. पवईची आयआयटी १९५८मध्ये युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने उभी राहिली, तिचाही उल्लेख ‘रशियाच्या मदतीने’ असाच होतो. मराठी विकिपीडियावर कुणी उद्या रशियाविषयक लेखांची अशी प्रतवारी करायला बसलं तर हा घोळ आपोआप आत येईल. आणि काही पायऱ्या उलट्याही लागतील. १५व्या शतकात त्वेरहून निघालेला अफानासी निकितीन चौलला उतरला, पावसाळा त्याने जुन्नरला काढला आणि तिथल्या अंमलदाराने त्याचा घोडाही काढून घेतला. रशियन इतिहासाच्या पसाऱ्यात तो मधल्या पायरीवर बसेल. मराठी वाचकाला तो पहिल्या रांगेत हवा.

लष्करी इतिहासाच्या प्रकल्पाने या सगळ्यापासून आधीच हात झटकले. तिथे दर्जा तपासतात, अगदी काटेकोर तपासतात, पण महत्त्व देतच नाहीत. कुठली लढाई मोठी यावर एकमत होणार नाही हे त्यांनी ओळखलं. त्याचा परिणाम मात्र मजेशीर झाला: स्टालिनग्राडच्या लढाईच्या लेखाला महत्त्व देण्याचं काम देशांच्या प्रकल्पांवर येऊन पडलं. गणितासारख्या काही प्रकल्पांनी ‘महत्त्व’ऐवजी ‘प्राधान्य’ असा शब्द घेतला. लेखकाचं मन दुखावू नये, तुझा विषय किरकोळ असं न म्हणता आमच्या कामात नंतर येईल असं म्हणावं, हा त्यामागचा विचार. शब्द बदलला, पायऱ्या चारच राहिल्या.

भूगोलात वाद कमी असेल असं वाटतं, पण तिथे पायाच हलता आहे. १९९३च्या संविधानात रशियाचे ८९ घटक (प्रांत, प्रजासत्ताकं वगैरे) होते. २००५ ते २००८ दरम्यान काही स्वायत्त विभाग शेजारच्या प्रदेशांत विलीन झाले आणि संख्या ८३वर आली. २०१४मध्ये क्राइमिया आणि सेवास्तोपोल धरून रशियाने ती ८५ केली, २०२२मध्ये आणखी चार युक्रेनियन प्रदेशांवर दावा सांगून पुन्हा ८९. आकडा फिरून तोच, भूगोल वेगळा, आणि वाढलेल्या सहांना जगातल्या बहुतेक देशांची मान्यता नाही. ‘सर्व घटकांना हाय’ असा साधा नियम करायचा म्हटला तरी आधी ‘सर्व’ म्हणजे किती यावर मत द्यावं लागतं. शहरांचंही तसंच. दहा लाखांवर वस्ती हा निकष लावला तर २०१०च्या जनगणनेत १२ शहरं बसतात, २०२१च्या जनगणनेत १६. पेर्म २०१०मध्ये थोडक्यात हुकलं होतं. दहा वर्षांत पेर्मचा इतिहास काही बदलला नाही, पण नियम पाळला तर पायरी बदलते. आणि तळाशी खेडी: सुमारे दीड लाख ग्रामीण वस्त्या, त्यांपैकी हजारो ओस पडलेल्या. दोन-दोन ओळींचे त्यांचे लेख मोठ्या संख्येने तयार झाले आणि ‘लो’ची चौकट फुगत गेली.

२०१४नंतर चर्चेचा रंग पालटला. पूर्व युरोप हा विषय इंग्रजी विकिपीडियावर २००७पासूनच विशेष निर्बंधांखाली होता. आता साधा साचा लावणंही भूमिका घेण्यासारखं झालं. क्राइमियातल्या गावांच्या पानांवर कोणत्या देशाचा साचा, की दोन्हींचे? २०२०च्या सप्टेंबरात कीवच्या लेखाचं रोमन शीर्षक रशियन उच्चाराकडून (Kiev) युक्रेनियन उच्चाराकडे (Kyiv) सरकलं. त्याआधी हा प्रस्ताव अनेकदा फेटाळला गेला होता. कीव रूसचं मध्ययुगीन राज्य रशियाच्या इतिहासाचा आरंभ की युक्रेनच्या, हा प्रश्न १९व्या शतकापासूनचा. त्याला २०२२नंतर जी धार आली तिच्यापुढे चार पायऱ्यांची शिडी फार लहान पडते. गोगोलवरही तीच पाळी. पोल्ताव्हा भागात जन्मला, रशियनमध्ये लिहिलं, दोन्हीकडे हवा. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट तर कमालच आहे. त्याचं गाव कोनिग्सबर्ग (आजचं कालिनिनग्राड) १७५८ ते १७६२ रशियन ताब्यात होतं, म्हणून तो काही वर्षं रशियाच्या सम्राज्ञीचा प्रजाजन होता. त्याची कबर आज कालिनिनग्राडमध्ये आहे. साचा लावायचा? शहराला नक्की, माणसाला लावू नये असं मला वाटतं, पण नियमात याचं उत्तर नाही.

२०२३मध्ये रशियन विकिपीडियाची प्रत घेऊन, रशियन कायद्यांच्या चौकटीत राहणारा वेगळा ज्ञानकोश सुरू झाला, त्यामुळे तोच विषय दोन रशियन कोशांत दोन वजनांनी दिसू लागला. त्याच वर्षी इंग्रजी विकिपीडियाने प्रतवारीची यंत्रणा बदलली. दर्जा आता लेखाला एकदाच दिला जातो आणि बहुतेक प्रकल्पांना तोच लागू होतो. महत्त्व मात्र प्रकल्पांकडेच ठेवलं गेलं, कारण ते एकत्र करायचं तर कुणाच्या नजरेने हे ठरवावं लागलं असतं. तेवढा धीर कुणात नव्हता.

ज्यांना एकच सामायिक यादी हवी ते दुसरीकडे, अत्यावश्यक लेखांच्या याद्यांकडे वळले. १०, १००, १ हजार, १० हजार आणि ५० हजार लेखांच्या अशा त्यांच्या पाच पातळ्या आहेत. तिथे देशांचे प्रकल्प नाहीत, झेंडे नाहीत, पण जागा मोजक्या आहेत. वरच्या पातळ्या भरलेल्या असल्याने एक रशियन संगीतकार आत घ्यायचा तर दुसरं कुणीतरी बाहेर काढावं लागतं, आणि ते मतदानाने होतं. रशियाच्या प्रकल्पात स्तलीपिनची स्पर्धा रास्पुतिनशी होती. इथे ती जपानचा शोगुन टोकुगावा इएयासू आणि दक्षिण अमेरिकेचा मुक्तिदाता सिमोन बोलिव्हार यांच्याशी आहे.