शातो मूताँ रॉथशिल्ड

शातो मूताँ रॉथशिल्ड हे फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील बोर्दो प्रदेशातल्या एका द्राक्षमळ्याचे आणि त्या मळ्यात तयार होणाऱ्या रेड वाइनचे नाव आहे. बोर्दो शहराच्या वायव्येस सुमारे ५० किलोमीटरवर, जिराँद नदीमुखाच्या डाव्या काठावरील मेदोक पट्ट्यात पोयाक नावाचे लहानसे गाव आहे; त्या गावाच्या शिवारात हा मळा पसरलेला असून त्याचे क्षेत्र ८० हेक्टरांहून थोडे अधिक आहे. ‘शातो’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ गढी किंवा हवेली असा असला, तरी बोर्दोमध्ये द्राक्षमळा, वाइन तयार करण्याची जागा आणि मालकाचे घर या सगळ्यांना मिळून शातो म्हणण्याची पद्धत आहे, मग तेथे गढी असो वा नसो. ‘मूताँ’ म्हणजे मेंढी, आणि मळ्याच्या चिन्हावरही मेंढाच आहे. मात्र हे नाव मेंढ्यांवरून न पडता टेकाड या अर्थाच्या एका जुन्या शब्दावरून पडले असावे, असे सामान्यतः मानले जाते. टेकाड म्हणावे इतकी उंची तेथे खरोखरच आहे, असे मात्र नाही. सपाट मेदोकमध्ये चार हात उंचवटाही डोळ्यांत भरतो, एवढेच.

या उंचवट्याचे महत्त्व त्याच्या मातीत आहे. प्राचीन काळी नद्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांचे आणि खड्यांचे जाड थर येथे साचलेले आहेत. एरवी ज्या जमिनीकडे शेतकरी पाठ फिरवील, ती द्राक्षाला मात्र मानवते. गोट्यांमधून पावसाचे पाणी झरझर निघून जाते, मुळांना ओलाव्यासाठी खोल जावे लागते, वेलाचा माज कमी राहतो आणि दिवसा तापलेले दगड रात्री वेलाला ऊब देतात. अटलांटिक महासागर जवळ असल्यामुळे हवा दमट आणि बेभरवशाची असते. पश्चिमेकडील पाइनची जंगले खाऱ्या वाऱ्याला काहीशी अडवतात, तर नदीमुखाचे रुंद पाणी वसंतातल्या हिमदवाची धार बोथट करते. पाणी दिसते तो मळा चांगला, अशी मेदोकमध्ये जुनी समजूत आहे.

लागवडीखालील क्षेत्राचा सुमारे चार पंचमांश भाग काबेर्ने सोव्हिन्याँ या जातीचा आहे. उरलेल्यात मेर्लो मुख्य असून काबेर्ने फ्राँ आणि पती व्हेर्दो यांचे प्रमाण अगदी थोडे आहे. काबेर्ने सोव्हिन्याँचे मणी लहान, जाड सालीचे आणि निळसर काळे असतात. गर कमी आणि साल व बिया जास्त, त्यामुळे वाइनला गडद रंग आणि भरपूर टॅनिन मिळते. टॅनिन म्हणजे काय हे ज्याने जांभूळ खाल्ले आहे त्याला वेगळे सांगायला नको: जिभेवर आणि हिरड्यांवर जो कोरडा तुरटपणा चढतो, तोच. ही जात उशिरा पिकते, म्हणून तिला पोयाकच्या उबदार गोट्यांची गरज असते. मेर्लो लवकर पिकते, तिची वाइन मऊ आणि भरीव असते आणि काबेर्नेचा ताठरपणा ती सैल करते. १९९०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी डीएनए तपासणीतून दाखवून दिले, की काबेर्ने सोव्हिन्याँ ही तांबड्या काबेर्ने फ्राँ आणि पांढऱ्या सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या आपोआप झालेल्या संकरातून जन्मली आहे. मेर्लोचाही एक पालक काबेर्ने फ्राँच असल्याचे सिद्ध झाल्यामुळे मूताँच्या पिंपात एकत्र येणाऱ्या या दोन प्रमुख जाती परस्परांची सावत्र भावंडे ठरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून बोर्दोमध्ये अमेरिकी खुंटावर कलम केलेले वेलच लावले जातात. खुंटावर कलम भरण्याची रीत महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांच्याही अंगवळणी पडलेली आहे. मात्र येथे तिचे कारण प्रामुख्याने क्षारयुक्त पाणी आणि पाण्याची टंचाई हे आहे. नाशिकच्या शिवारातही आज काबेर्ने सोव्हिन्याँ आणि मेर्लोची लागवड होते, पण वेलाचे वर्ष दोन्हीकडे निराळे चालते. नाशिकचा वेल थंडीत झोपत नाही, म्हणून त्याची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी करून उन्हाळ्याच्या तोंडावर पीक घेतात. पोयाकचा वेल हिवाळाभर निष्पर्ण उभा असतो, त्याची त्याच काळात एकदाच छाटणी होते आणि घड सप्टेंबर अखेरीस किंवा ऑक्टोबरात उतरतात.

काढणी हाताने होते. घड छोट्या क्रेटांतून आणून निवडले जातात, देठ वेगळे केले जातात आणि मणी ओकच्या मोठ्या टाक्यांत आंबवले जातात. स्टीलच्या टाक्या सर्वत्र रुळल्या असतानाही मूताँने लाकडी टाक्या सोडल्या नाहीत. २०१२ मध्ये बांधलेल्या नव्या इमारतीतही त्यांचेच प्राधान्य असून तेथे द्राक्षे पंपाने न ढकलता वरून खाली आपल्या भाराने उतरतात. आंबवण चालू असताना साली वर येऊन जाड थर बनवतात आणि खालचा रस त्यांच्यावर फिरवून रंग व टॅनिन उतरवून घेतले जाते. त्यानंतर वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत दीड ते पावणेदोन वर्षे मुरते. या काळात ती थोडी थोडी उडून जाते, म्हणून पिंपे पुन्हा पुन्हा काठोकाठ भरावी लागतात. शिवाय तळाशी बसलेला गाळ मागे ठेवून निवळ वाइन दुसऱ्या पिंपात घ्यावी लागते. हे काम मेदोकमध्ये परंपरेने मेणबत्तीच्या उजेडात चालते. कामगार पिंपातून येणारी धार एका पेल्यात घेऊन ज्योतीसमोर धरतो आणि लाल रंगात धुरकट रेघ दिसताच तोटी बंद करतो. मग अंड्याचा पांढरा बलक फेटून पिंपात घालतात. तो तरंगणारे कण आणि जादा टॅनिन घेऊन खाली बसतो.

कोवळ्या वयात ही वाइन घट्ट मिटलेली आणि तुरट असते. चांगल्या वर्षाची बाटली दहा-पंधरा वर्षांनी उमलू लागते आणि कित्येक दशके टिकते. काळ्या करंट या बोरासारख्या फळाचा वास, सीडरचे लाकूड, पेन्सिलचे शिसे आणि भाजक्या कॉफीची झाक ही तिची लक्षणे सांगितली जातात. शेजारच्या लाफीत या मळ्याच्या संयत वाइनपेक्षा मूताँची वाइन अधिक दिलखुलास असते, हे मत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असून ते बहुतांशी खरे आहे.

अठराव्या शतकात हा मळा काही काळ निकोला-अलेक्झांद्र द सेग्युर याच्या ताब्यात होता. लाफीत आणि लातूर हे मळेही त्याच्याकडेच असल्यामुळे त्याला ‘द्राक्षवेलींचा राजपुत्र’ म्हणत. पुढे मळा द ब्रान घराण्याकडे जाऊन ब्रान-मूताँ या नावाने ओळखला जाऊ लागला. मेदोकमध्ये काबेर्ने सोव्हिन्याँची पद्धतशीर लागवड रुजवण्याचे श्रेय बॅरन एक्तोर द ब्रान आणि त्याचा शेजारी आर्मां दार्माइयाक यांना दिले जाते. ब्रानने १८३० मध्ये मळा पॅरिसच्या एका सावकारी पेढीच्या मालकाला विकला आणि ११ मे १८५३ रोजी रॉथशिल्ड घराण्याच्या लंडन शाखेतील, पण पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या नॅथॅनिएल द रॉथशिल्ड याने तो सव्वा अकरा लाख फ्रँकांना विकत घेतला. पंधरा वर्षांनी नॅथॅनिएलचा काका व सासरा जेम्स याने शेजारचा लाफीत घेतला. एकाच आडनावाच्या दोन शाखांची चुरस अशी बांधाला बांध लावून सुरू झाली.

दरम्यान १८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या काळातील पॅरिस जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी करण्यात आली. हे काम बोर्दोच्या दलालांनी केले आणि त्यासाठी वाइन चाखत न बसता वर्षानुवर्षांचे बाजारभाव प्रमाण मानले. लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ यांना पहिली प्रत मिळाली. मूताँला दुसऱ्या प्रतीत पहिले नाव मिळाले. त्यावर मूताँचे ब्रीद तयार झाले: ‘पहिला मी होऊ शकत नाही, दुसरा होणे मला मान्य नाही, मी मूताँ आहे.’ ब्रिटनीतील रोआँ या सरदार घराण्याच्या जुन्या ब्रीदाचा हा साचा होता. नॅथॅनिएलनंतरच्या दोन पिढ्यांनी मळ्यात फारसे मन घातले नाही.

चित्र पालटले ते नॅथॅनिएलचा पणतू बॅरन फिलिप (१९०२–१९८८) याने १९२२ मध्ये विसाव्या वर्षी कारभार हाती घेतल्यावर. मोटारींच्या शर्यतीत भाग घेणारा, नाटकात रमणारा हा तरुण व्यापारात मात्र पक्का होता. तोवर बोर्दोचे मळे आपली वाइन पिंपांतून शहरातील व्यापाऱ्यांना विकत. ती मुरवणे, बाटल्या भरणे आणि प्रसंगी दक्षिणेकडील जाडसर वाइन मिसळून तिला ‘सुधारणे’ हे व्यापाऱ्यांच्या मर्जीवर असे. फिलिपने १९२४ मध्ये सगळी वाइन मळ्यावरच बाटलीबंद करण्यास सुरुवात केली आणि पहिल्या प्रतीच्या मळ्यांनाही त्यासाठी राजी केले. बाटल्यांत भरायची वाइन आता मळ्यावरच साठवावी लागणार असल्याने १९२६ मध्ये शार्ल सिक्लिस या वास्तुकाराकडून त्याने सुमारे १०० मीटर लांबीचे कोठार बांधून घेतले. मूताँच्या इतिहासात सर्वांत मोलाचा निर्णय कोणता म्हटले, तर तो हाच. पुढचा सगळा गाजावाजा या आधारावर उभा आहे. १९३० च्या वाईट हंगामाची वाइन मूताँच्या नावाने विकण्याजोगी नव्हती, म्हणून तिला मूताँ कादे हे नाव देऊन स्वस्तात विकण्यात आले. ‘कादे’ म्हणजे धाकटा. फिलिप स्वतः धाकटा मुलगा होता.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने ज्यू असलेल्या फिलिपची मालमत्ता जप्त केली. तो अटक व सुटकेनंतर जर्मनीविरुद्ध लढणाऱ्या जनरल द गॉलच्या फौजेला जाऊन मिळाला; त्याची पत्नी एलिझाबेथ १९४५ मध्ये राव्हेन्सब्र्युक छळछावणीत मरण पावली. त्याच वर्षी वसंतातल्या हिमदवाने पीक थोडे आले, पण जे आले ते विसाव्या शतकातील सर्वोत्कृष्ट बोर्दोंपैकी एक ठरले. त्या बाटलीवर फिलिप ज्युलियाँ या तरुण चित्रकाराने विजयाचे व्ही हे अक्षर काढले. तेव्हापासून दर वर्षीच्या लेबलासाठी एकेका कलावंताचे चित्र घेण्याचा प्रघात पडला आणि मोबदल्यात पैशांऐवजी वाइनच्या पेट्या दिल्या जाऊ लागल्या. ब्राक, दाली, हेन्री मूर, मिरो, शागाल, वॉरहॉल अशी ही नामावळी असून २००९ च्या बाटलीवर मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूर यांचे चित्र आहे. संग्राहक पूर्ण मालिका जमवण्यासाठी सुमार वर्षांच्या बाटल्यांनाही चढा भाव देतात. लेबलाच्या कौतुकात आतली वाइन मागे पडते, ही टीका अगदीच निराधार म्हणता येत नाही. १९९३ च्या लेबलावरील बाल्त्युस यांनी काढलेल्या विवस्त्र किशोरीच्या चित्रावर अमेरिकेत आक्षेप घेतला गेला, तेव्हा तेथे चित्राची जागा कोरी सोडून बाटल्या विकण्यात आल्या. त्या कोऱ्या लेबलालाही संग्राहक मिळाले.

प्रतवारीत बदल व्हावा म्हणून फिलिपने अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि अखेर जून १९७३ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री झाक शिराक यांच्या सहीने मूताँला पहिली प्रत मिळाली. १८५५ च्या यादीतील एखादा मळा वरच्या प्रतीत गेल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. ब्रीदही बदलले: ‘पहिला मी आहे, दुसरा मी होतो, मूताँ बदलत नाही.’ त्या वर्षीच्या लेबलावर त्याच एप्रिलमध्ये निवर्तलेल्या पिकासोचे चित्र आहे. हंगाम मात्र बेताचाच होता. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये लेबले झाकून घेतलेल्या चाचणीत १९७० ची मूताँ कॅलिफोर्नियाच्या एका वाइनच्या मागे दुसरी आली. त्यानंतर थोड्याच काळात फिलिपने कॅलिफोर्नियाच्या रॉबर्ट माँडाव्हीबरोबर भागीदारीत ओपस वन ही वाइन सुरू केली.

फिलिपची मुलगी फिलिपीन (१९३३–२०१४) आधी रंगभूमीवरील अभिनेत्री होती. तिच्या कारकिर्दीत पती मूताँ ही दुय्यम वाइन, एल दार्जाँ ही पांढरी वाइन आणि चिलीतील आल्माव्हिव्हा हा भागीदारीतील मळा उभा राहिला; २००० च्या बाटलीवर कागदी लेबलाऐवजी सोनेरी मेंढा उमटवण्यात आला. आता मळ्याची मालकी तिच्या तीन मुलांकडे आहे. मळ्यावरील वस्तुसंग्रहालयात वाइनशी निगडित प्राचीन पेले, सुरया, गालिचे आणि चित्रे मांडलेली असून १९६२ मध्ये त्याचे उद्‌घाटन सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या हस्ते झाले होते.