कंपवात, मेंदूतली तार आणि तिरफळाची झिणझिण

जेम्स पार्किन्सनने १८१७ साली कंपवाताचं वर्णन केलं आणि त्यात रुग्णाची ज्ञानेंद्रियं व बुद्धी शाबूत राहतात असंही लिहून ठेवलं. थरथर आणि वाकलेली चाल त्याने अचूक टिपली. ज्ञानेंद्रियांबाबत मात्र तो चुकला.

वास जायला लागतो तो बऱ्याच जणांत हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी. हुमणात (माशांच्या कालवणात) तिरफळं, म्हणजे ओठ झिणझिणवणारा तो कोकणी मसाला, पडलीत की नाही हे जेवणाऱ्याला कळत नाही आणि बोल रांधणारीला लागतो. अर्थात वास सर्दीने, सायनसने, वयानेही जातो; तेवढ्यावरून निदान होत नाही. शिवाय वास तपासायच्या परदेशी चाचणीसंचात विंटरग्रीन, रूट बिअर असले वास असतात. फोंड्याच्या आजोबांनी ते जन्मात हुंगलेले नसतात, तेव्हा ते ओळखता आले नाहीत म्हणून काही बिघडलं नाही. लवंग, कॉफी, पिकलेला फणस घ्या. बाम नको: त्याची झोंब ट्रायजेमिनल या वेगळ्याच नसेतून जाते आणि वास गेलेल्यालाही जाणवते.

दुसरी चूक स्नायूंच्या अंदाजाची. डोळे मिटून कोपर किती वाकलंय, हे कंपवातात बारीक फरकाने चुकतं. आवाजाचंही तेच होतं. "मोठ्याने बोला हो," असं घरचे म्हणतात आणि "ओरडतोच तर आहे," असं उत्तर येतं. दोघंही खरं बोलत असतात. आवाज मोजणारं आतलं मापच बिघडलेलं असतं. म्हणून आवाजाच्या एका प्रचलित उपचारात आठवड्यातून ४ दिवस, ४ आठवडे, दर वेळी तासभर मोठ्याने बोलण्याचा सराव घेतात आणि डेसिबल समोर दाखवतात.

आता डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस: मेंदूत तार बसवून विजेचा हलका प्रवाह देण्याचा कंपवातावरचा उपचार. १.२७ मिलिमीटर जाडीची तार सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूच्या आतल्या, हालचालींशी संबंधित पेशींच्या जेमतेम सेंटिमीटरभर गाठीत उतरवतात. नेहमीच्या तारेला दीड मिलिमीटरचे चार संपर्कबिंदू असतात. बॅटरी गळपट्टीच्या हाडाखाली बसते. यानंतर सांध्यांची जाणीव काही रुग्णांत सुधारलेली दिसते. दोन वासांतला फरकही थोडा जास्त कळू लागतो, पण अगदी मंद वास टिपण्याची गेलेली क्षमता परत येत नाही. बोलण्याला तर डीबीएसचा भरवसा नाही. उलट प्रवाह बाहेरच्या बाजूला इंटर्नल कॅप्सूलमध्ये, म्हणजे स्नायूंना आदेश नेणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यात, पसरला की जीभ जड होते.

गाठीच्या मागून मेडियल लेम्निस्कस जातो. स्पर्शाच्या संवेदना मेंदूकडे नेणारा हा पट्टा. प्रवाह तिथे पोचला की विरुद्ध बाजूच्या हातात किंवा चेहऱ्यावर मुंग्या येतात. तिरफळ दाताखाली आल्यावर ओठाला येते तशी झिणझिण समजा. (तिरफळाचा चिनी भाऊबंद सिचुआन मिरी ओठाला लावून २०१३ साली मोजणी झाली, ती झिणझिण सेकंदाला सुमारे ५० थरथरींसारखी भासते.)

प्रोग्रामिंग करणारा, म्हणजे प्रवाह जुळवून देणारा डॉक्टर याच मुंग्यांवरून तार कुठे आहे ते ताडतो. शस्त्रक्रियेनंतर सूज ओसरायला काही आठवडे देतात, कारण नुसती तार घुसल्यानेही थरथर तात्पुरती कमी होते आणि फसगत होते. मग रात्रीपासून कंपवाताच्या गोळ्या थांबवून सकाळी बोलावतात. काणकोणहून येणाऱ्याने त्या दिवशी गाडी स्वतः चालवू नये, गोळ्या मात्र खिशात ठेवाव्यात. सेकंदाला १३० ठोके (१३० हर्ट्झ) आणि प्रत्येक ठोका ६० मायक्रोसेकंदांचा, हे कायम ठेवून एकेका बिंदूवर प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरच्या पायरीने चढवतात. मनगटाचा ताठरपणा किती प्रवाहाला सुटला आणि मुंग्या किती प्रवाहाला आल्या, हे दोन आकडे लिहितात. त्यांत जितकं अंतर, तितका तो बिंदू कामाचा.

प्रवाह वाढवताच मुंग्या येऊन काही सेकंदांत विरल्या तर चालतं. टिकल्या तर प्रवाह कमी करतात, वरचा बिंदू निवडतात किंवा विभागलेल्या बिंदूंच्या तारेत पुढच्या बाजूला वळवतात. रुग्णाने हे सहन करत गप्प बसू नये: कोणत्या बोटात, किती वेळ, हे तिथल्या तिथे सांगावं.